इनास मास्तरांचे पाहुणे

इनास मास्तरांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचा घसा बसलाय. मी भांडुपच्या मराठी शाळेत नवीनच लागले होते. तिसरीचा वर्ग माझा, चौथीचा त्यांचा, मध्ये नुसती एक लाकडी फळी. माझ्याकडे मासळीबाजार भरलेला आणि फळीच्या पलीकडे चिडीचूप. एकदा न राहवून डोकावले, तर पोरं बाकावर पुढे वाकून, माना ताणून बसलेली, आणि मास्तर कानात गुपित सांगावं तशा आवाजात भागाकार शिकवत होते. ओरडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. राग आला की आवाज आणखी खाली जायचा, आणि अगदी ऐकू येईनासा झाला की वर्गातल्या वांड पोरांचेही चेहरे उतरायचे. मी मात्र पट्टी आपटून आपटून दिवस काढायची.

"बाई, तुमचा आवाज फार लांब जातो," ते एकदा मला म्हणाले.

"मालवणचा आहे मास्तर. तिथे समुद्रावर आवाज चढवावा लागतो."

त्यावर ते हसले, तेही आवाज न करता. नुसते खांदे हलले.

मास्तर राहायचे रुळांच्या पूर्वेला, तळेपाखाडीत. आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की भातशेती, मग खाजण, मग मिठागरं आणि मग खाडी, बस्स. शेतांच्या टोकाला वीस-पंचवीस कौलारू घरं. सगळे ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. भात लावणारे, खाडीत मासे धरणारे, अलीकडे कुणी रेल्वेत तर कुणी गोदीत लागलेले. बायका लुगडं नेसायच्या आणि घरात मराठीच बोलायच्या. माझ्या सासूबाईंना मी एकदा मास्तरांकडे नेलं, तर त्यांनी मास्तरांच्या बायकोला, कातरीनबायना, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "गो, ही तर आमच्यासारखीच असा. मगे देव कित्याक वेगळो?"

पाखाडीच्या मागे तळं होतं. पावसाचं पाणी साचलेलं, उधाणाला खाडीचंही थोडं आत येणारं, कडेने लव्हाळं माजलेलं. फार पूर्वी प्लेगात पाखाडीतली घरंच्या घरं रिकामी झाली, तेव्हा उरलेल्यांनी तळ्याच्या बांधावर लाकडी कुरूस, म्हणजे क्रूस, उभा केला आणि नवस बोलले, की साथ हटली तर या तळ्यावर पाखरू मारणार नाही. साथ हटली आणि नवस राहिला. सरकारचं कुंपण नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. पण देवनारच्या खाडीत नि पवईच्या बाजूला शिकारीचे बार निघायचे तेव्हा या तळ्यावर माणूस हातात साधी बेचकी घेऊन जायचा नाही. दिवाळी झाली की बदकांचे थवे उतरायचे ते ईस्टरच्या आसपास उठायचे. चार-पाच महिने पाणी दिसायचंच नाही, नुसती पाखरं.

या तळ्याचं वेड मास्तरांना कधी लागलं हे मला माहीत नाही. मी पाहिलं तेव्हा ते पुरतं लागलेलं होतं.

दर हिवाळ्यात एका शनिवारी ते आपला वर्ग तळं बघायला न्यायचे. पहिल्या वर्षी मीही माझी तिसरी घेऊन मागे लागले. रूळ ओलांडल्यावर त्यांनी सगळ्यांना चपला हातात घ्यायला लावल्या. बांधाच्या अलीकडे एक चिंच होती, तिच्याखाली रांग थांबवली आणि म्हणाले, "ज्याला खोकायचंय त्याने इथे खोकून घ्या. शिंकायचंय, नाक ओढायचंय, हसायचंय, सगळं इथेच. पुढे काही नाही." मग सगळी पोरं मिळून खोकली. ज्यांना खोकला नव्हता तीही खोकली. मास्तर शांतपणे उभे. सगळं आटोपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं?" मीही खोकले, करते काय.

आणि मग बांधावरून जे दिसलं ते मी कधी विसरले नाही. पाणी जागच्या जागी हलत होतं. भुरी, तपकिरी, हिरव्या डोक्यांची बदकं, काठाला काटकुळ्या पायांचे पक्षी, लव्हाळ्यात बगळे, आणि सगळ्यांची मिळून एक सारखी कुजबुज. माझी पोरं, जी वर्गात क्षणभर टिकत नाहीत, ती बसून राहिली.

"मास्तर, ती लांब चोचीची कोण?" मी हळूच विचारलं.

"पाहुणे."

"आणि ती हिरव्या डोक्याची?"

"तेपण पाहुणे."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण नाही, त्यांना खरंच एकाचंही धड नाव ठाऊक नव्हतं. बगळा कळायचा, बदक कळायचं, बाकी सगळे पाहुणे. एवढं आयुष्य ज्यांच्यापायी काढलं त्यांचं नाव विचारावंसं वाटलं नाही का, असं मी परतताना म्हटलं. तर म्हणाले, "आलेल्याला कोण, कुठला, असं विचारू नये. आणि आलेल्याला उठवूही नये. येवढंच मला समजतं." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शाळेत उशिरा आलेल्या पोराला बसवून घेतानाही हेच, आणि घरी जेवायच्या वेळी कुणी टपकलं तरी हेच.

मास्तरांना तपकिरीची सवय होती, आणि त्यांची शिंक म्हणजे सगळ्या आयुष्याची उधारी एकदम फेडल्यासारखी. एवढ्या मऊ माणसातून तो आवाज कुठून निघायचा देव जाणे. म्हणून दिवाळी ते ईस्टर तपकीर बंद. डबी कातरीनबायच्या ताब्यात. त्या महिन्यांत मास्तर चिडचिडे व्हायचे, म्हणजे वर्गात त्यांचा आवाज अजिबात ऐकू यायचा नाही. "बाकीचे किरिस्तांव चाळीस दिवस उपास करतात," कातरीनबाय मला म्हणायच्या, "यांचा उपास बदकांच्या हिशोबानं."

शिकाऱ्यांची गोष्ट पाखाडीत सगळ्यांना पाठ होती. एका रविवारी मुंबईहून मोटार आली. तिघे साहेबी टोप्यांतले, बंदुका, परवाने सगळं रीतसर. नवस पाखाडीचा, मुंबईवाल्यांना त्याचं काय? चार तरणे दांडके घेऊन निघाले होते. मास्तरांनी त्यांना मागे फिरवलं आणि पाहुण्यांना घरी आणलं. आत्ता पाखरं झोपलेली असतात, दोन घास खाऊन जा, म्हणाले. (पाखरं टक्क जागी होती.) कातरीनबायनी घरच्या बदकाचं मोयल केलं, आंबवलेल्या पिठाचे गोल वडे, म्हणजे त्यांचे फुगे, तळले, आणि दारूबंदीचे दिवस असल्यामुळे बरोबर काय दिलं ते मी इथे सांगत नाही. तिघे जेवले ते ओटीवरच आडवे झाले. उठले तेव्हा दिवे लागले होते. मास्तरांनी कंदील धरून त्यांना मोटारीपर्यंत पोचवलं आणि पुन्हा यायचं आमंत्रण दिलं. ते खरंच दर वर्षी यायला लागले. बंदुका मोटारीतच ठेवायचे आणि विचारायचे, "मास्तर, मोयल आहे ना?"

मी त्यांना म्हटलं, "मास्तर, एका बदकाला वाचवायला दुसरं बदक शिजवता, हे कसं?"

"घरचं बदक पाहुणा नाही, बाई. घरचं ते घरचं."

तेव्हा मी हसले. नंतर हे वाक्य आठवून मला त्यांचा रागही आला. कारण मास्तर घरच्यांशी असेच वागायचे.

तळ्याच्या काठालाच पाखाडीची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर, आणि विहिरीवर उंबर. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायची रीत. नवरी, तिची आई, बायाबापड्या नटूनथटून विहिरीवर जातात, पुढे बँड, मागे गाणी, फटाके. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. लग्न चर्चमध्ये लागतं, पण कातरीनबाय म्हणायच्या तसं, खरं लग्न त्या पाण्याने लागतं. मी यायच्या आधी एका लग्नात या मिरवणुकीने असे काही फटाके लावले की तळं एका झटक्यात रिकामं झालं आणि त्या हिवाळ्यात पाखरू परत उतरलं नाही. मास्तर तेव्हा आजारी पडले म्हणतात. उठले ते डोक्यात एक घेऊनच उठले. घरोघर फिरले, पाखाडीची बैठक बोलावली, आणि ठरवून घेतलं की पाखरं असतील त्या महिन्यांत बँड चिंचेपाशी थांबायचा. तिथून विहिरीपर्यंत आणि परत, सगळं मुकाट्याने.

नवस मारण्याबद्दल होता, आवाजाबद्दल नव्हता. आवाजाचं हे मास्तरांनी पदरचं घातलं. लोकांनी ऐकलं, कारण निम्म्या पाखाडीला त्यांनीच अक्षर ओळखायला शिकवलं होतं. पण बायका मनातून नाराज होत्या. पाखाडीचा बँड जुवांवचा. जुवांव मास्तरांचा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती, कॉर्नेट असा वाजवायचा की मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लग्नांना बोलावणं. त्याच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात त्याला चिंचेपाशी कॉर्नेट खाली करावा लागला. केला त्याने. चार दिवस मास्तरांशी बोलला नाही, पाचव्या दिवशी ओटीवर येऊन बसला. त्यांचं भांडण एवढंच.

मग रेजीनचं लग्न ठरलं. रेजीन मास्तरांची एकुलती एक पोर. शाळेत बापाचा डबा घेऊन यायची, यायची तशी माझ्याशी गप्पा मारत बसायची. आवाज माझ्यासारखा, खणखणीत. घरात दाबून दाबून ठेवलेला. मुलगा गोराईचा, बोटीवर नोकरीला. फेब्रुवारीत त्याची बोट सुटायची होती. मास्तर म्हणाले, मे महिन्यात करू. मेमध्ये पाखरं नसतात, हे त्यांनी व्याह्यांना सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना कळलं. व्याही म्हणाले, बोट काय तुमच्यासाठी थांबेल? लग्न जानेवारीतच ठरलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होते. जुवांव आला, बसला, आणि म्हणाला, "मास्तर, तुझ्या पोरीच्या पाण्याला आपण विहिरीपर्यंत वाजवायचं. पाखाडीचं म्हणणं हाय. कोण काय बोलणार नाय."

मास्तर तळ्याच्या दिशेला बघायला लागले.

रेजीन दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी आजवर काय मागितलं नाय. एकदाच."

कातरीनबाय आतून बाहेर आल्या. नवऱ्याकडे बघत राहिल्या. मास्तर बोलले ते इतकं हळू की आम्हा सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "जुवांवच्या पोरीला मी नको म्हटलं. आणखी किती पोरींना म्हटलं. आता माझ्या पोरीला हो म्हणू? मग त्या पोरींना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचं ते मी सांगतो," जुवांव म्हणाला. "माझ्याच पोरीला मी सांगतो."

"नको."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, एक हिवाळा पाखरं गेली तर जातील. पुढच्या वर्षी येतील की. पोरीचं लग्न पुढच्या वर्षी येणार आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माणसापरीस पाखरू मोठा झाला काय तेका?" मी त्यांच्याशी कधी नव्हे ते सहमत झाले.

पाण्याला मी गेले. बायकांची लाल-हिरवी लुगडी, केसांत अबोली, रेजीन मध्ये, हातात नवा तांब्याचा हंडा. बँड जोरात. चिंचेपाशी जुवांवने हात वर केला आणि सगळं थांबलं. मग नुसती पावलं. जोडवी वाजत होती तेवढीच. सगळ्यांत पुढे मास्तर, काळा कोट, हातात चपला. गोराईकडच्या दोन बायका आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "कोणी गेलं काय यांच्यात?" रेजीनने हंडा भरला, आईने डोक्यावर ठेवला. तळ्यावरचं एकही पाखरू उठलं नाही. मास्तरांनी वळून तळ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते रेजीनने पाहिलं. ते तिने पाहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात झालं. ती बापाच्या पाया पडली, पण बोलली नाही.

नवरा बोटीवर गेला. रेजीन गोराईला. ऑक्टोबरात तिला बाळ झालं ते गेलेलंच जन्मलं. असं घराघरांत होतं, माझ्या नणंदेचंही झालं होतं. पण गोराईच्या त्या बायका विहिरीवर येऊन गेल्या होत्या ना, त्यांच्या तोंडाला कोण आवरणार. मुकं पाणी घेऊन आली, म्हणाल्या. मयताच्या पाण्याने न्हाऊन आली, म्हणून मूल आवाज न करता आलं. सासूने तोंडावर म्हटलं म्हणतात. कातरीनबाय हे मला सांगताना रडल्या नाहीत; मी रडले.

मास्तर वर्गात येत होते, भागाकार शिकवत होते. एकदा डबा खाताना म्हणाले, "पाण्याला जीभ असते काय, बाई?" मी म्हटलं, "नसते." "नसतेच," म्हणाले, आणि डबा तसाच झाकून ठेवला.

मधे नवरा बोटीवरून येऊन गेला, आणि पुढच्या वर्षी रेजीनचे पुन्हा दिवस भरत आले तेव्हा ती माहेरी आली. डिसेंबर होता, तळं पाखरांनी भरलेलं. मी भेटायला गेले तर ओळखू येईना. डोळे खोल गेलेले, हात काड्यांसारखे. विहिरीचं पाणी ती पीत नव्हती. भात त्या पाण्यात शिजवला तर ताट सरकवायची. स्टेशनच्या नळावरून कुणी घागर आणली तर दोन घोट घ्यायची. मुलुंडची नर्सबाई येऊन बघून गेली होती. ही अशीच राहिली तर बाळाचं सोडा, हिचंच कठीण आहे, असं स्पष्ट सांगून गेली होती. फादर आले. पाणी देवाचं असतं, हे सगळं खूळ आहे, असं समजावून गेले. रेजीनने मान हलवली आणि पाणी प्यायली नाही.

मास्तर तिच्या खाटेशेजारी बसून तिला समजावत होते. शिकवायचे तसंच, हळू, पायरी पायरीने. विहीर कुठे, झरा कुठे, पाण्याचा नि मुलाचा संबंध काय. तिने भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "तुमचं मला ऐकू येत नाय, बाबा. कधीच आलं नाय."

ते उठून ओटीवर आले. कातरीनबाय त्यांच्या मागोमाग आल्या. त्यांचंही बोलणं तसं कमीच, पण त्या दिवशी त्या बोलल्या. "म्हाताऱ्यांनी पाखरांचा नवस बोलला, तुमी पाळला. त्याच्यावर आणखी तुमच्या पदरचं पाळलं. माझ्या पोरीचं कोण पाळणार?"

मास्तर उठले, चपला पायात घातल्या आणि जुवांवच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले; दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. जुवांव कॉर्नेट पुसत बसला होता. मास्तर दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "विहिरीपर्यंत वाजवशील?"

जुवांवने वर बघितलं. "कशासाठी? लग्न कोणाचं हाय?"

"रेजीनला पाणी आणायचंय."

बाळंतपणाला असं पाणी आणायची रीत त्यांच्यात नाही, कुणातच नाही. जुवांवने पुसायचं थांबवलं. "माझ्या पोरीच्या येळेला मी खाली केला, मास्तर," तो म्हणाला. "तुझ्या पोरीच्या येळेला वर करतो म्हटलं तर तू ऐकलं नायस. आता ते तळं असं भरलंय. आता तू मला सांगतोस?"

"सांगत नाय. मागतोय."

जुवांव उठला आणि पोरं गोळा करायला बाहेर पडला.

दुपारी सगळी पाखाडी जमली. बायकांनी पेट्यांतून लग्नातली लुगडी काढली. कुणाला नीट कळत नव्हतं काय चाललंय, लग्न आहे की नवस आहे, पण सगळ्या आल्या. ज्यांचं पाणी मुकं गेलं होतं त्या पोरी माहेरी होत्या तेवढ्या आल्या. जुवांवची पोर कडेवर मूल घेऊन आली. रेजीन उठू शकत नव्हती. तिची खाट खिडकीशी सरकवली होती. हंडा मास्तरांनी घेतला. पुरुषाने हंडा घ्यायचा नसतो असं एक म्हातारी म्हणाली, तर कातरीनबायनी तिला हाताने गप्प केलं.

चिंच आली. सवयीने जुवांवच्या पोरांची वाद्यं खाली आली. जुवांवही थांबला आणि मास्तरांकडे बघायला लागला. मला एकदम वाटलं, नको, इथूनच फिरा मागे. रेजीनच्या लग्नाच्या वेळी मीच त्यांना ऐकवलं होतं की पाखरं काय, पुढच्या वर्षी येतील. आता ती समोर पाण्यावर दिसत होती आणि माझाच धीर सुटत होता.

मास्तर म्हणाले, "वाजव." नेहमीच्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढंच. "जोरात वाजव, जुवांव. तिला घरात ऐकू गेलं पाहिजे."

कॉर्नेट वाजला, ढोल वाजला, बायकांनी गाणं उचललं, आणि तळं उठलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. सगळं पाणी वर गेल्यासारखं झालं, ऊन झाकलं गेलं, पंखांच्या आवाजात क्षणभर बँडही बुडाला. आम्ही सगळे तोंड वर करून बघत राहिलो. पोरंबाळं, बायका, बँडवाले, सगळे. मास्तरांनी मात्र वर बघितलं नाही. ते विहिरीकडे चालत राहिले, पोहरा सोडला, हंडा भरला. आम्ही परत निघालो तेव्हा थवे मिठागरांवरून खाडीपलीकडे चालले होते आणि जुवांव गाल फुगवून वाजवतच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वाजवण्याने की कशाने, मी विचारलं नाही.

त्या हंड्यातलं पाणी रेजीन प्यायली. मास्तरांनी भांडं धरलं होतं. तिने ते रिकामं केलं आणि आणखी मागितलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. पुढे जे झालं ते पाण्याने झालं असं मी म्हणत नाही, मास्तरही म्हणत नव्हते. ती खायला लागली म्हणून झालं. नाताळ उलटल्यावर तिला मुलगी झाली, सुखरूप, आणि अशी रडली की जुवांवला त्याच्या घरात कळलं.

पाखरं त्या हिवाळ्यात परत आली नाहीत. पाखाडीत कुणी मास्तरांना काही बोललं नाही, पण काही म्हातारे कुरसाजवळून जाताना त्यांच्याकडे बघेनासे झाले. चौथीला त्यांनी त्या वर्षी तळ्यावर नेलं नाही. पोरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "घरी कोणी नाही."

उन्हाळ्यात माझी बदली अंधेरीला झाली. मास्तरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. फेब्रुवारी होता. जेवणं झाली होती, लोक पांगले होते. बाळ रडायला लागलं ते थांबेचना. मास्तर तिला खांद्यावर घेऊन मागच्या दारी गेले आणि तळ्याकडे तोंड करून येरझारा घालायला लागले. तळ्याचं पाणी स्वच्छ, सपाट, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दिसत होतं. त्या घरात एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

कातरीनबाय आतून म्हणाल्या, "अवो, गप करा की तिला."

मास्तर म्हणाले, "रडू दे. आता तिथं उडायला कोण हाय?"

आणि तिची पाठ थोपटत ते तसेच बांधापर्यंत गेले.